बियाचा भोपळा

कडूबाई दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते आणि जाताना घराची किल्ली माझ्या बायकोकडे ठेवते. त्या वर्षी तिनं किल्ली सत्यभामेच्या हातात दिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, येल तुमच्याकडं."

येल म्हणजे तिच्या परसातला दुध्या भोपळ्याचा वेल. तेव्हा तो वीतभर होता आणि त्याच्याभोवतीचं बाभळीच्या काट्यांचं कुंपण त्याच्या चौपट उंच होतं.

मी एसटीत एकोणतीस वर्षं कंडक्टर होतो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी चौसाळ्यापासून आत असलेल्या आमच्या गावात मला रामेश्वर कुणी म्हणत नाही, कंडक्टरच म्हणतात. रिटायर झाल्यावर मी घरामागे बाग केली. जास्वंद, मोगरा, लिंबू, पपई, शेवगा, थोडी वांगी, थोडा पालक. आयुष्यभर धक्के खाल्लेल्या माणसाला जागच्या जागी उभी राहणारी कुठलीही गोष्ट आवडते. माझी बाग आणि कडूबाईचं परस यांच्यामध्ये फक्त एक तार आहे. त्यामुळे वेल माझ्याकडे देण्यात तिनं काही मोठा विश्वास टाकला, असं मला तेव्हा वाटलं नाही.

तिनं उभ्याउभ्याच सगळं समजावलं. हे बी बाजारातलं नव्हतं. तिच्या आईनं ते तिच्या लग्नात ओटीत घातलं होतं, आईला तिच्या आईनं. भोपळ्याची मान वाकडी, पोट गोल, अंगावर पांढरे ठिपके. आता राजनंदिनीचं, म्हणजे कडूबाईच्या मुलीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं आणि बी तिच्या ओटीत जायचं होतं. पण पावसाळ्यात उंदरांनी बियांचं गाठोडं कोरलं. पाच बिया वाचल्या. दसऱ्याला पाचही लावल्या, उगवली एक.

"बाकी दागिना-बिगिना आमी काय देनार, दादा," ती म्हणाली. "ह्ये एक हाय आमच्या घरचं. पहिलं फळ धरलं की ही चिंधी बांधा. पहिल्यातच जोर असतो. मागनं धरलेलं तुमी खावा."

चिंधी तिच्या जुन्या डाळिंबी लुगड्याची होती. तिची स्वतःची आई गेली तेव्हा कडूबाई कारखान्यावर होती आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, हे मला सत्यभामेनं नंतर सांगितलं. कडूबाई आणि तिचा नवरा बिभीषण दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅक्टरवर बसून गेले. राजनंदिनी बीडला मावशीकडे राहून नर्सिंग शिकत होती. कडूबाई नावाच्या बाईनं मुलीचं नाव राजनंदिनी ठेवावं, यात मला तिचा स्वभाव दिसतो. आपलं झालं ते झालं, पुढचं नीट लावायचं.

चिंधीचं तसं आहे की फळाला चिंधी बांधली म्हणजे ते बियाला सोडलंय, त्याला हात लावायचा नाही. कुणी कुणाला हे शिकवत नाही. चोरसुद्धा बाकीची वांगी नेईल आणि चिंधीचं तेवढं ठेवील. एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच प्रकार. रुमालाला ना कुलूप ना पहारा, पण उचलायला हात धजत नाही.

फोन रोज यायचा. दुपारी उसाच्या फडात भाकरी खायला बसले की कडूबाई लावायची. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हाय का?"

"हाय."

"बरं." आणि फोन बंद.

संक्रांतीच्या सुमाराला वेलाच्या बुडाशी, मांडवाच्या पहिल्या काठीलाच, बोटाएवढं फळ धरलं. मी देठाला डाळिंबी चिंधी बांधली आणि तिला फोन करून सांगितलं. ती पहिल्यांदाच दोन वाक्यं जास्त बोलली. गाठ सैल ठेवा, म्हणाली, देठ जाड होत जातो.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. मला फुकट्यांचा राग आहे. नोकरीत विनातिकीटवाल्यांचा होता, आता फुलं चोरणाऱ्यांचा आहे. गावात पहाटे उठून दुसऱ्याच्या बागेतली फुलं तोडणारे लोक आहेत आणि ते सगळे धार्मिक आहेत. देवासाठी घेतलं की ती चोरी होत नाही, अशी त्यांची खात्री आहे. त्यांचा म्होरक्या तात्याबा. वय पंच्याहत्तर, हातात प्लास्टिकची पिशवी, कपाळाला आधीच गंध. माझी जास्वंद रोज सकाळी साडेसहाला बोडकी व्हायची. तिच्यावर शिंजीर नावाचा एवढासा निळाजांभळा पक्षी मध प्यायला यायचा. तो येऊन रिकाम्या फांदीवर बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला त्याची लाज वाटायची.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं की तात्याबानं तारेवरून हात घालून जास्वंदीचं शेवटचं फूल नेलं, पण शेजारीच लोंबणाऱ्या कवळ्या लुसलुशीत भोपळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिंधी होती ना.

मी घरात गेलो, ट्रंकेतला जुना खाकी शर्ट काढला आणि त्याच्या चिंध्या केल्या. सतरा झाल्या. जास्वंदीला तीन, लिंबाला चार, पपईला दोन, शेवग्याला, वांग्यांना, मोगऱ्याला. सत्यभामा दारात उभी राहून बघत होती.

"ह्ये काय चाललंय?"

"राखण."

"सगळंच बियाला सोडलं व्हय?"

पंधरा दिवस माझ्या आयुष्यात एवढी शांतता कधीच नव्हती. लिंबं झाडावर पिवळी झाली. जास्वंद फुलून राहिली. तात्याबा रोज यायचा, चिंध्या बघायचा, रिकामी पिशवी घेऊन परत जायचा. शिंजीरानं बायको आणली. वसंत लागला होता, बरडावर पळस पेटला होता, शेवग्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडत होता आणि सातभाई पक्षी त्या सड्यात उतरून ग्रामसभा असल्यासारखे सगळे एकदम बोलत होते. मी खुर्ची टाकून मधोमध बसायचो.

सोळाव्या दिवशी तात्याबा तारेपाशी थांबला.

"कंडक्टर," तो म्हणाला, "मोगऱ्याला बी येतं का रे?"

मोगऱ्याला बी येत नाही. मोगरा फांदीनं लावतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तात्याबानं वाकून ओंजळभर मोगरा तोडला, पिशवीत टाकला आणि माझ्यासमोरून गेला. दुपारपर्यंत गावात ही गोष्ट झाली. संध्याकाळी लिंबं गेली.

मला इथेच शहाणपण यायला हवं होतं. बीड-आष्टी गाडीवर एकदा एका गृहस्थानं वऱ्हाडासाठी अकरा सीटवर अकरा रुमाल टाकले होते. लोकांनी अकराही रुमाल गोळा करून खिडकीबाहेर फेकले आणि मी कंडक्टर म्हणून त्या गृहस्थालाच झापलं होतं. हे मला आठवलं, पण शहाणपण आलं नाही. उलट मी गावभर स्वतःच सांगत सुटलो की कशी गंमत केली, पंधरा दिवस सगळ्यांना कसं फसवलं. माणसाची फजिती झाली की तो तिचा विनोद करतो. मीही केला.

तो विनोद सुंदररावांपर्यंत गेला. सुंदरराव म्हणजे आमच्या भागातले पुढारी. शंभर एकर जमीन, दोन पेट्रोल पंप आणि कुठल्याही लग्नाला, मौतीला हजर. शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात ते गावात कुणाच्या तरी दशक्रियेला आले होते. तिथून पाच माणसांसह थेट माझ्या बागेत आले.

"कंडक्टरसाहेब, तुमच्या चिंध्या दाखवा की," ते म्हणाले.

मी प्लास्टिकची खुर्ची पुसली. चहा झाला. मी गोष्ट सांगितली, मोगऱ्यापाशी आलो तेव्हा सुंदरराव पोट धरून हसले. त्यांची माणसंही हसली. माझ्या बोलण्यावर एवढा मोठा माणूस एवढा हसल्याचं मला आठवत नाही. एकोणतीस वर्षांत साहेब लोकांनी माझ्याकडून खुलासेच मागवले होते. मी गोष्टीत भर घालत गेलो. म्हणालो, चिंधी म्हणजे काय हो, नुसती भीती. एकही खरी नाही.

सुंदरराव बागेत फिरले. तारेपाशी आले आणि थांबले. पलीकडे कडूबाईच्या मांडवाला तो भोपळा लोंबत होता. महिन्याचा झाला होता. मान वाकडी, पोट गोल, अंगावर ठिपके. त्यांनी तारेवरून हात घालून त्याला नख लावून पाहिलं. नख रुतलं.

"असला भोपळा लहानपणी आमच्या आजोळी व्हायचा," ते म्हणाले. "चाळीस सालात बघितला न्हाई. कुणाचा येल?"

"शेजारच्या कडूबाईचा. तोडीला गेलीय. मीच बघतो."

त्यांनी चिंधी बोटांत धरली. "हिचा रंग येगळा हाय. बियाचा हाय का?"

बागेत सहा माणसं उभी होती. सगळ्यांची तोंडं अजून हसरी होती. दाराशी सत्यभामा कपबशा घेऊन उभी होती. मला एकच शब्द बोलायचा होता, आणि तोही मी रोज दुपारी फोनवर बोलत होतो.

"न्हाई हो," मी म्हणालो.

सुंदररावांनी भोपळा तोडला.

गाडी गेल्यावर सत्यभामा म्हणाली, "आता तिला फोन करा."

"करतो."

"आत्ता करा."

"ती फडात असंल."

देठाचा तुटलेला भाग ओला होता. चिंधी खाली पडली होती, ती मी उचलून खिशात घातली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. सुंदररावांचा आला, तात्याबाचा आला, हसणाऱ्या पाचही माणसांचा आला. माझ्यापर्यंत यायला त्या रागाला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

तेव्हापासून दिवसाला दोन प्रश्न सुरू झाले. दुपारी कडूबाई विचारायची, हाय का. संध्याकाळी सत्यभामा विचारायची, सांगितलं का. एकीला मी हाय म्हणायचो आणि दुसरीला उद्या.

वेलावर दुसरं काहीच नव्हतं. मधले दोन भोपळे तिच्या परवानगीनं आम्ही चण्याची डाळ घालून खाल्ले होते. बाकी धरलेली फळं थंडीनं पिवळी पडून गळाली. वेल आता मांडव सोडून तिच्या घराच्या पत्र्यावर चढला होता आणि नुसती नरफुलं देत होता. मी रोज शिडी लावून पत्र्यावर चढायचो. फेब्रुवारी संपता संपता एक मादीफूल दिसलं, पाकळ्यांमागे शेंगदाण्याएवढा भोपळा असलेलं. भोपळ्याचं फूल दिवस मावळताना उमलतं. मी मोबाईलवर पाहून ठेवलं होतं. नरफूल तोडलं, पाकळ्या सोलल्या आणि मादीफुलावर घासलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पत्र्यावर उकिडवा बसून भोपळ्याचं लग्न लावलं. खाली रस्त्यावरून तात्याबा चालला होता.

"काय करतोस रे वर?"

"काही नाही."

"पत्र्याला बी येतं का?" म्हणाला आणि गेला.

फळ धरलं. आठव्या दिवशी मी देठाला खिशातली डाळिंबी चिंधी बांधली, गाठ सैल ठेवली. त्याच दिवशी माझ्या बागेतल्या सतराही खाकी चिंध्या काढून चुलीत घातल्या. त्याचा काही उपयोग झाला नाही. गावात आता चिंधीला कुणी विचारत नव्हतं. पलीकडच्या गल्लीत भिवराबाईनं बियाला ठेवलेलं वांगं तिच्या देखत एकानं तोडलं. ती ओरडली तर म्हणाला, कंडक्टरवानी गंमत करतीस व्हय. भिवराबाई माझ्या दारात येऊन मला अर्धा तास बोलली. तिचं सगळं बरोबर होतं.

म्हणून मग मी स्वतः बसलो. पहाटे पाचपासून पत्र्याखाली खुर्ची, हातात काठी. माणसं आली तर मला बघून परत जात. वानरांना मात्र माझी ओळख नव्हती. होळीनंतर डोंगराकडचं पाणी आटलं आणि त्यांची टोळी गावात उतरू लागली. ती पत्र्यावर उडी मारायची तेव्हा आख्खं घर वाजायचं. मी काठी आपटायचो, शिट्टी वाजवायचो. शिट्टी माझी ड्युटीची. पहिल्या दिवशी ती ऐकून वानरं खरोखर थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून थांबली नाहीत. शेवटी मी भोपळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचा पिंजरा केला आणि खाली ओलं पोतं घातलं, पत्रा तापून फळ शिजू नये म्हणून. मार्च तापत होता. टँकर चार दिवसांनी यायचा. मी अंघोळीचं पाणी वेलाला घालायला लागलो, आणि वेलाला जास्त मिळावं म्हणून दोनदा अंघोळ करायला लागलो. सत्यभामेनं ते बंद पाडलं.

पाडव्याला कडुलिंबाचा मोहर गुळात कालवून तोंडात टाकला तेव्हा सत्यभामा म्हणाली, "ती आठ दिवसांत येईल."

"हो."

"तोंडानं सांगा. तिला दिसायच्या आधी."

"हो."

कडूबाई आली त्या दुपारी मी खुर्चीतच होतो. तिचे हात काळे पडले होते, चेहरा निम्मा झाला होता. तिनं घर उघडलं नाही. आधी परसात गेली. मांडवापाशी थांबली, बुडाशी वाळलेला देठ होता तिथं. मग मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. भोपळा होता. मान वाकडी, पोट गोल, चिंधी डाळिंबी. मी तोंड उघडलं.

"ह्याला पानी कोन घालतं?" तिनं विचारलं.

"मी."

"काटे बी तुमीच लावले?"

"हो. वानरं फार."

"बरं," ती म्हणाली आणि घरात गेली.

मला वाटलं, सुटलो. पुढचा सव्वा महिना मी पाणी घालत राहिलो आणि कडूबाई काही बोलली नाही. सत्यभामेनंही विचारणं सोडून दिलं. ते मला जास्त जड गेलं.

लग्न शाळेच्या पटांगणात होतं. दोन दिवस आधी कडूबाईनं स्वतः शिडी लावून भोपळा उतरवला. तो वाळल्या गवताच्या रंगाचा झाला होता. कानापाशी धरून हलवला, आत खुळखुळ झाली. कोयत्यानं फोडला, बिया राखेत घोळून सुपात वाळत घातल्या. मी तारेअलीकडून बघत होतो. भरपूर होत्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मी लग्नाला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

सुंदरराव आले होते. आमच्याकडे पुढाऱ्यांनी आशीर्वाद दिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. मुहूर्त टळून गेला तरी चालतो, माईक टळत नाही. त्यांनी वधूवरांना शुभेच्छा दिल्या, बिभीषणच्या कष्टाचं कौतुक केलं. माणूस लक्षात ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

"या घरचं मी खाल्लेलं हाय," ते माईकवर म्हणाले. "कडूबाईंच्या परसातला भोपळा. आपल्या कंडक्टरसाहेबांनी शिवरात्रीला दिला. डाळिंबी चिंधी बांधलेला. मी इचारलं, बियाचा हाय का? म्हनले न्हाई. घरी नेला, आमच्या स्वप्नालीनं, सूनबाईंनी, भाजी केली. काय सांगू! बी सुदिक इतकं कवळं, बियासकट खाल्ला."

लोक हसले. लाऊडस्पीकर दोन होते, एक मांडवात आणि एक वेशीकडे तोंड करून. मी कडूबाईला शोधलं. ती मुलीच्या मागे अक्षतांचं ताट धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. ती एकटी आचाऱ्यापाशी उभी दिसली तेव्हा मी गेलो.

"कडूबाई, तो बियाचा होता."

"ठाव हाय."

"आत्ता कळलं ना."

"न्हाई. आले त्याच दिशी." ती आचाऱ्याच्या हातातली बादली बघत होती. "पहिलं फळ बुडाला धरतं, दादा. ह्यो पत्र्यावर व्हता."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"मी रोज इचारत व्हते की," ती म्हणाली.

मी विचारलं, "ह्या बियात जोर असंल का?"

"आता ते तिच्या घरी लावल्यावर कळंल." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "जेवून जा. तुमी पानी घातलंय, ते काय खोटं न्हाई."

संध्याकाळी राजनंदिनीची ओटी भरली. कडूबाईनं सुपातल्या बिया मुठीनं काढून सत्यभामेच्या हातात दिल्या आणि सत्यभामेनं त्या तांदळाबरोबर मुलीच्या पदरात घातल्या. गाडी निघाली तेव्हा राजनंदिनी पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी त्या गर्दीत मागे उभा राहून रडलो. कुणी विचारलं नाही, लग्नात चालतं.

जूनच्या शेवटी राजनंदिनीचा फोन आला की सात बिया लावल्या, सहा उगवल्या. कडूबाईनं हे तारेपलीकडून मला सांगितलं. मी "बरं" म्हणालो. आत जाऊन जास्वंदीला पाणी घातलं, तात्याबासाठी चार फुलं खालच्या फांदीवर राहू दिली.

यंदा दिवाळी झाली तशी कडूबाई निघाली. परसात नवा वेल वीतभर झाला होता, भोवती काटे होते. सकाळी ती आमच्या दारात आली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तिनं डाळिंबी चिंधी काढली आणि सत्यभामेच्या हातात दिली.

"वैनी, येल तुमच्याकडं," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळून तिनं घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती जपून ठेवली आहे. तिच्या घरात दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक तुटकी बाज आहे, बाकी काही नाही.